पायात उतरणारी कळ आणि हातातल्या मुंग्या: वाचकांच्या प्रश्नांना फिजिओथेरपिस्टची उत्तरे

मागील अंकातील कंबरदुखीच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत कंबरेपेक्षा पायाची आणि हाताचीच तक्रार अधिक होती. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी चमक निघते, बधिर पडते, असे शब्द त्यांत वारंवार आले आहेत. हे वर्णन बहुतेक वेळा नसेच्या दुखण्याचे असते, आणि स्नायू आखडल्याने किंवा सांधा झिजल्याने होणाऱ्या दुखण्यापेक्षा त्याची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. म्हणून या वेळचा स्तंभ याच विषयाला दिला आहे. पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न: माझे मोठे भाऊ ४२ वर्षांचे असून शेती करतात. सहा आठवड्यांपूर्वी सोयाबीनचे पोते उचलताना त्यांच्या कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांनी डाव्या खुब्यापासून पोटरीतून करंगळीपर्यंत कळ उतरू लागली. एमआरआयमध्ये शेवटची गादी सरकून नस दबल्याचे लिहिले आहे. एका ठिकाणी दहा दिवस कंबरेला वजन आणि करंट लावला, पण फरक पडला नाही. दुसरीकडे लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितले. फिजिओथेरपीने गादी जागेवर बसते का? (केज तालुका, जि. बीड)

उत्तर: दोन मणक्यांमधली गादी हाताने किंवा यंत्राने जागेवर बसवता येत नाही, पण तशी ती बसवावी लागतही नाही. बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळ रुग्णांमध्ये काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेते, आणि विशेष म्हणजे तुटून बाहेर पडलेले मोठे तुकडे लहान फुगवट्यांपेक्षा अधिक वेळा आक्रसतात. शिवाय नसेच्या मुळाला होणारा त्रास केवळ दाबाचा नसतो. गादीतील द्रव्यामुळे मुळाभोवती दाह होतो, आणि दाह झालेली नस एरवी न जाणवणाऱ्या साध्या ताणानेही कळ देऊ लागते. दाह ओसरला की गादीचे चित्र तेच असूनही पाय शांत झालेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो.

आपल्या पत्रात एमआरआयचा तपशील आहे, वजनाचा आणि करंटचाही आहे. पण या दहा दिवसांत कोणी भावांचे मोजे काढायला लावून दोन्ही पाय तपासले का, याचा उल्लेख नाही. उपचाराचा निर्णय मात्र त्याच तपासणीवर उभा राहतो. नस नुसती चिडलेली आहे, की तिचे काम कमी झाले आहे, हा पहिला प्रश्न आहे. चिडलेली नस दुखते, मुंग्या आणते, पण संदेश पोहोचवते. काम कमी झालेली नस कधी कधी दुखणे थांबवतेसुद्धा, आणि रुग्णाला बरे वाटू लागले असे घरच्यांना वाटत असताना पाय मात्र बधिर व अशक्त होत जातो. म्हणून केवळ दुखणे किती कमी झाले हे विचारून भागत नाही.

आपल्या भावांची कळ करंगळीकडे जाते, त्यावरून त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या नसमुळाचा संशय येतो. त्याची परीक्षा अशी होते: भिंतीला बोटे टेकवून एका पायाच्या चवड्यावर टाच पूर्ण वर उचलायला सांगायची आणि उजव्या व डाव्या पायाला असे किती वेळा जमते ते मोजायचे. पोटरीचा स्नायू इतका बळकट असतो, की पलंगावर निजवून हाताने विरोध केला तर त्यातली कमजोरी पुष्कळदा लपून राहते. उभे राहून टाच उचलताना ती लपत नाही. त्यानंतर टाचेमागच्या जाड शिरेवर हातोडीने हलका ठोका देऊन पाऊल झटक्यात खाली जाते का, हे दोन्ही बाजूंना पाहायचे. पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला आधी कापसाने, मग बोथट टाचणीने स्पर्श करून रुग्णाला डोळे मिटून सांगायला लावायचे. याच रीतीने टाचांवर चालवून आणि अंगठा वर उचलताना त्यावर आपल्या बोटाने दाब देऊन कंबरेच्या पाचव्या मुळाची, तर गुडघा सरळ करण्याची ताकद आणि गुडघ्याचा झटका पाहून चौथ्या मुळाची परीक्षा करतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि हातोडी, कापूस व टाचणी यांपलीकडे काही साहित्य लागत नाही. जेथे पहिल्याच दिवशी तपासणीच्या आधी यंत्राची वायर जोडली जाते, तेथे मी तरी माझा नातेवाईक पाठवणार नाही.

एमआरआयविषयी एक आकडा लक्षात ठेवावा. कोणतीही कंबरदुखी नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के लोकांत गादीचा फुगवटा आढळला, आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर गेले. म्हणजे चित्रातली गादी हीच दुखण्याचे कारण आहे, असे चित्र एकटे सांगू शकत नाही. ज्या मुळावर चित्रात दाब दिसतो, त्याच मुळाची लक्षणे पायावर सापडली, तरच दोन्हींचा मेळ बसला असे म्हणता येते.

आता ऑपरेशनविषयी. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी नसेची कळ, असलेल्या २८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायाची कळ लवकर थांबली, परंतु वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. मात्र थांबून पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून ताकद शाबूत असेल आणि दुखणे सहन होण्याजोगे असेल तर घाई नको. दुखण्याने झोप आणि काम दोन्ही महिनोन् महिने बुडत असतील तर शस्त्रक्रिया हा चुकीचा मार्ग नव्हे. ताकद दर आठवड्याला घटत असेल किंवा पाऊल लोंबू लागले असेल, तर व्यायामात वेळ न घालवता मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावे.

आणि एक प्रसंग असा आहे की त्यात एक रात्रही थांबायचे नाही. लघवी अडणे किंवा लागल्याचे न कळणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वार व जननेंद्रियांभोवतीचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले तर एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही जेथे होतात अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे. लघवीबद्दल विचारायला फिजिओथेरपिस्ट संकोचतात आणि सांगायला रुग्ण, त्यामुळे हा प्रश्न तुम्हीच घरी विचारा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि पडून राहिले तरी न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्या भागात तो दुर्मीळ नाही.

यांतले काहीच नसेल, तर भावांसाठी पुढील दिशा योग्य ठरेल. अंथरुणाला खिळून राहण्याने सायटिका लवकर बरी होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. उताणे निजून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर किंवा बाजेवर ठेवण्याने किंवा कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी घेण्याने कळ शमते का ते पाहावे आणि दिवसातून अनेकदा थोडा वेळ तसे निजावे. काहींना पालथे निजून हळूहळू कोपरांवर उठल्याने पायातली कळ वर सरकून कंबरेपुरती उरते. कंबर तात्पुरती जास्त दुखली तरी हे चांगले लक्षण समजावे. उलट एखाद्या हालचालीने कळ मांडीतून पोटरीकडे उतरत असेल, तर ती हालचाल सध्या बंद ठेवावी. सपाट रस्त्यावर दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे चालावे. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर काही आठवडे दुसऱ्याच्या हाती द्यावा. पट्टा कामापुरता बांधायला हरकत नाही, पण तो दिवसभर नको. कंबरेला वजन लावण्याचा सायटिकात खात्रीचा फायदा दिसून आलेला नाही, आणि करंटने मिळालाच तर तात्पुरता आराम मिळतो. कळ ओसरू लागली की पोट, पाठ आणि मांडीच्या स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम सुरू करावेत आणि पोते उचलण्यापर्यंतची चढण आठवड्या-आठवड्याने चढावी. दर भेटीत टाच उचलण्याची संख्या आणि बधिर भागाची सीमा पुन्हा तपासून लिहून ठेवली जाते की नाही, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे.

प्रश्न: मोबाइलवर पाहून मी सायटिकासाठी नस ताणण्याचा व्यायाम करतो. पाय सरळ करून टॉवेलने पाऊल ओढायचे आणि अर्धा मिनिट धरायचे. व्यायामानंतर रात्रभर ठणका लागतो. सुरुवातीला असे होणारच, असे त्या व्हिडिओत म्हटले आहे. खरे काय? (लातूर)

उत्तर: तो व्यायाम आजपासून थांबवावा. स्नायूला ताण देऊन धरणे आणि चिडलेल्या नसेला ताण देऊन धरणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नसेला स्वतःचा रक्तपुरवठा असतो आणि ती ताणली की तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सशांच्या नसांवर १९७३ मध्ये केलेल्या प्रयोगात लांबी ८ टक्क्यांनी वाढली तेव्हा नसेतून परत जाणाऱ्या रक्ताचा प्रवाह मंदावला, आणि सुमारे १५ टक्क्यांना रक्ताभिसरण पूर्ण थांबले. आधीच सुजलेल्या नसेला अर्धा मिनिट असे धरून ठेवले तर ती रात्री ठणकणारच.

नसेला ताणापेक्षा सरकण्याची गरज असते. परकराच्या नेफ्यातली नाडी दोन्ही टोकांनी ओढली तर ताणली जाते. एका टोकाने ओढताना दुसरे टोक सैल सोडले तर ती नुसती आतून सरकते. सायटिकासाठी हा दुसरा प्रकार असा करावा. खुर्चीवर किंवा ओट्यावर ताठ बसून गुडघा हळूहळू सरळ करताना मान वर करून छताकडे पाहावे आणि गुडघा वाकवून खाली आणताना हनुवटी छातीकडे आणावी. कोठेही थांबून धरायचे नाही, आणि कळ सुरू होण्याच्या अलीकडूनच परत फिरायचे. सुरुवातीला एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. व्यायाम करताना किंचित ओढ जाणवली आणि ती थांबल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत गेली तर प्रमाण बरोबर आहे. तासाभराने मुंग्या असतील किंवा दुसऱ्या सकाळी पाय जास्त दुखत असेल तर संख्या किंवा गुडघ्याचा कोन निम्मा करावा. मान खाली घालून गुडघा सरळ करण्याचा ताणाचा प्रकार पुढच्या टप्प्यातला आहे. दुखणे पुष्कळ शमल्यानंतर, ताकद आणि स्पर्श शाबूत असतानाच, आणि तोही तपासणी करणाऱ्याच्या देखरेखीखाली तो घ्यावा.

कंबरेतून पायात आणि मानेतून हातात उतरणाऱ्या दुखण्यात अशा हालचालींचा उपयोग होतो, असे २०१७ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले. मात्र त्या सगळ्या उपचाराचा एक भाग आहेत. चालणे आणि बळाचे व्यायाम सोडून केवळ नस सरकवत बसण्यात अर्थ नाही. व्हिडिओ तयार करणाऱ्याने तुमचा पाय तपासलेला नसतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: मी नुकतीच फिजिओथेरपीची पदवी घेतली आहे. रुग्णाला उताणे निजवून पाय सरळ उचलण्याच्या चाचणीत जवळजवळ प्रत्येक रुग्ण मांडीमागे ओढ सांगतो. मग चाचणी सकारात्मक कधी मानायची? आणि नसेचे दुखणे ओळखण्याच्या प्रश्नावल्यांचा उपयोग ओपीडीत खरोखर होतो का? (नांदेड)

उत्तर: मांडीमागची ओढ हे उत्तर नव्हे, ती निरोगी माणसालाही जाणवते. तीन गोष्टी एकत्र आल्या तरच चाचणीला महत्त्व द्यावे. रुग्ण ज्या दुखण्यासाठी आला तेच, त्याच वाटेने, पुन्हा उमटले पाहिजे. दुसऱ्या बाजूच्या तुलनेत पाय कमी उंचीवर अडला पाहिजे. आणि दुखणाऱ्या जागेला हात न लावता, दूरच्या सांध्याच्या हालचालीने ते बदलले पाहिजे. पाय जेथे अडला तेथून अंगुळभर खाली आणून स्थिर धरावा आणि पाऊल वर वळवावे किंवा रुग्णाला मान उचलायला सांगावी. स्नायूची ओढ मान उचलल्याने वाढत नाही, नसेची वाढू शकते. दुखरा नसलेला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली तर ती खूण मोलाची असते. ती फार थोड्यांत सापडते, पण सापडली तर गादीमुळे मूळ दबल्याची शक्यता बरीच वाढते. उलट साधी चाचणी बहुतेक गादीच्या रुग्णांत सकारात्मक येते खरी, पण इतर कारणांनीही येते. म्हणून ती नकारात्मक आली तर अधिक बोलकी असते.

या चाचणीला फ्रेंच डॉक्टर लासेग यांचे नाव असले तरी ती १८८१ मध्ये त्यांच्या शिष्याने, फोर्स्टने, आपल्या प्रबंधात नोंदवली होती. हाताच्या नसांच्या ताण-चाचण्या त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट रॉबर्ट एल्वी यांनी मांडल्या. त्यांबाबत आणखी सावध राहावे, कारण हाताच्या मधल्या (मीडियन) नसेच्या चाचणीत निरोगी माणसाच्याही बोटांत मुंग्या येतात. आणि ताकद घटत चाललेल्या रुग्णावर या चाचण्या पुन्हा पुन्हा करून पाहण्याचे काहीच कारण नाही. तेथे हातोडी आणि टाचणी आधी.

प्रश्नावल्यांचा उपयोग होतो, पण चाळणी म्हणून. डीएन-४ या प्रश्नावलीत दहा बाबी आहेत. सात विचारण्याच्या आणि तीन हाताने तपासण्याच्या आहेत. चार किंवा अधिक होकार आले तर दुखणे नसेचे असण्याची शक्यता धरतात. छापील शब्द वाचून दाखवण्यापेक्षा रुग्णाला आधी स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे. आपल्याकडचे रुग्ण 'पायात इंगळ्या डसल्यावाणी होतं' किंवा 'पाय माझा नाहीच असं वाटतं' असे सांगतात. पहिल्यात आग आहे, दुसऱ्यात बधिरपणा, आणि दोन्ही ओळखून योग्य रकान्यात टाकणे हे तुमचे काम आहे. त्यानंतर शरीराच्या चित्रावर दुखणे आणि बधिरपणा वेगवेगळ्या रंगाने रेखून घ्या. नसेच्या वाटेशी जुळणारे चित्र असेल तर शक्यता, त्याच भागात स्पर्श किंवा टाचणीची जाणीव बदललेली सापडली तर दाट शक्यता, आणि नसेची इजा दाखवणारी चाचणी जोडीला असेल तरच निश्चिती, अशी पायरी जगभर मान्य आहे. ओपीडीत आपण बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर असतो, आणि उपचार सुरू करायला ती पुरेशी आहे.

प्रश्न: सायटिकासाठी प्रेगाबालिन ही नसदुखीची गोळी दोन महिने चालू आहे. गरगरते, फरक नाही. बंद करू का? (धाराशिव)

उत्तर: स्वतःहून एकदम बंद करू नका, ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. तुमचा अनुभव मात्र वेगळा नाही. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना प्रेगाबालिनने औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त आराम मिळाला नाही, गरगरणे मात्र वाढले, आणि ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी सायटिकासाठी ती देऊ नये असे सांगितले. मधुमेहाच्या नसदुखीत आणि नागिणीनंतर उरणाऱ्या आगीत हेच औषध उपयोगी पडते. तेव्हा दोष गोळीचा नाही, जागेचा आहे. गरगरत असेपर्यंत गाडी चालवू नका आणि विहिरीच्या काठावरची कामे टाळा.

प्रश्न: माझ्या सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही, आणि तरीही पाय बधिर आहेत म्हणतात. त्या रोज गरम पाण्यात पाय बुडवतात. यंत्राचा शेक घ्यावा का? (जालना)

उत्तर: शेक अजिबात नको, आणि गरम पाण्याची बादलीही आजच बंद करा. आग होणे आणि बधिर असणे यांत विसंगती नाही. मधुमेहात पायाच्या सर्वांत लांब नसांची टोके आधी खराब होतात. खराब झालेली टोके बाहेरचा स्पर्श नीट पोहोचवत नाहीत, पण आपल्या मनाने चुकीचे संदेश मात्र पाठवत राहतात. म्हणूनच हलक्या चादरीचा स्पर्शही दुखतो आणि उकळत्या पाण्याचा चटका कळत नाही. बादलीतल्या पाण्याने भाजून फोड आलेले आणि पुढे चिघळलेले पाय आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात.

सासूबाईंना तपासताना फिजिओथेरपिस्टने १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून, आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून जाणीव पाहावी. धागा टेकवताना त्यांनी पायाकडे पाहू नये, नाहीतर त्या सुनेला बरे वाटावे म्हणून 'कळलं' म्हणतील. बधिरपणा दोन्ही पायांत सारखा, मोज्यासारखा वर चढत गेलेला असेल तर तो मधुमेहाचा असण्याचा संभव अधिक. एकाच पायात असेल तर सगळे मधुमेहावर ढकलू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही असेच होते, म्हणून ती रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.

पायावर जखम नसेल तर चालणे त्यांच्यासाठी उत्तम आहे. ओट्याला धरून टाचा व चवडे उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळणे यांनी पडण्याचा धोका कमी होतो, आणि बधिर पायाला पडण्याचा धोका आगीइतकाच खरा आहे. घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका. उन्हाळ्यात अंगणातली फरशी आणि देवळाची पायरी दोन्ही भाजतात. प्रदक्षिणेसाठी जाड मोजे चालतील. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोणीतरी उजेडात पाहाव्यात, चप्पल घालण्यापूर्वी तिच्यात हात फिरवून खडा-खिळा नाही ना हे पाहावे, आणि भेगा ब्लेडने कापू नयेत. आगीसाठी डॉक्टर देतील ते औषध घ्यावे. कोणत्याही व्यायामाने ती एकटी जाईल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न: रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. शिवणकाम करते, घरी गाय आहे. मान दुखत नाही. (हिंगोली)

उत्तर: झटकल्यावर बरे वाटते, हे तुम्ही लिहिले ते फार बरे झाले. करंगळीला मुंग्या येत नसतील आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांनाच येत असतील, तर मनगटाच्या बोगद्यात मधली नस दबत असावी. दोन्ही मनगटे पूर्ण वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरल्यावर त्याच मुंग्या येतात का ते पाहा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी किमान सहा आठवडे बांधा. ती घट्ट नको आणि मनगट मागे वळवणारी नको. धार काढताना मुठी आवळून मनगट वाकवण्याचे काम काही दिवस घरातल्या दुसऱ्या कोणी करावे, आणि कात्री चालवण्याचे काम सलग न करता तुकड्या-तुकड्याने करावे. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर स्नायू दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसत असेल किंवा सुई वारंवार निसटत असेल, तर पट्टीवर वेळ न काढता नसेची चाचणी करून शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. मान दुखत नसली तरी एकदा ती तपासली जावी, कारण मानेतल्या सहाव्या मुळाचा त्रासही अंगठ्याकडेच जातो.

प्रश्न: माझी बहीण २६ वर्षांची आहे. आठ दिवस रोज कापसात खुरपणी केल्यावर तिचे उजवे पाऊल वर उचलेनासे झाले. चालताना चवडा घासतो. कंबर दुखत नाही. गावात नस चढली म्हणून चोळून घेतले. हे सायटिका आहे का? (परभणी जिल्हा)

उत्तर: बहुधा नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, जे बारीक हाड हाताला लागते त्याच्या मानेला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. तासन् तास उकिडवे बसल्याने ती दाबली आणि ताणली जाते, आणि पाऊल उचलणारे स्नायू तिच्यावरच चालतात. कंबरेतल्या पाचव्या मुळापासूनचा दोष आणि हा दोष वेगळे ओळखण्याची एक चांगली खूण आहे. बहिणीला बसवून पाऊल किंचित खाली सोडायला सांगा आणि तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगून त्याला हाताने विरोध करा. पाऊल आत वळवणारा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो, पण कंबरेचे मूळ त्याचे तेच. हे बळ चांगले असेल आणि कुशीवर निजून पाय वर उचलण्याचेही चांगले असेल, तर दोष गुडघ्याजवळ असण्याचा संभव अधिक. ही परीक्षा घरी केली तरी फिजिओथेरपिस्टकडून पक्की करून घ्यावी.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. कुष्ठरोग याच नसेला आणि कोपराजवळच्या नसेला पकडतो. अंगावर फिकट किंवा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का, आणि गुडघ्याजवळ ती नस दोरीसारखी जाड व दुखरी लागते का, हे पाहावे. तसे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुऔषधोपचार मोफत मिळतो. नसेला सूज आली असेल तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने पाऊल वाचू शकते, म्हणून संकोचापायी आठवडे घालवू नयेत. चट्टा नाही असे तिने सांगितले तरी पाठ आणि नितंब दुसऱ्या बाईने उजेडात पाहावेत. बधिर चट्टा दुखत नाही आणि खाजतही नाही, त्यामुळे तो जिचा तिलाच माहीत नसतो.

चोळणे थांबवा, त्या जागी दाब पडणे हेच तर दुखण्याचे कारण आहे. उकिडवे बसणे आणि पायावर पाय टाकून बसणे सध्या पूर्ण बंद ठेवावे. चालताना पाऊल वर धरणारी प्लास्टिकची पट्टी चपलेत घालावी, म्हणजे ठेच लागून पडणार नाही. पोटरी आखडू नये म्हणून दिवसातून तीन वेळा हाताने पाऊल वर वळवावे आणि प्रत्येक वेळी बहिणीने स्वतःही ते उचलण्याचा प्रयत्न करावा, भले ते सुरुवातीला हलले नाही तरी. नुसत्या दाबाने सुन्न झालेली नस काही आठवड्यांत जागी होते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने वाढतात, म्हणजे महिने लागतात. यांपैकी कोणता प्रकार आहे हे नसेच्या विद्युत चाचणीतून कळते, पण ती दुखणे सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी केली तर अधिक स्पष्ट येते. तोपर्यंत दर आठवड्याला एकाच दिवशी, बसलेल्या स्थितीत पाऊल किती उचलते ते पाहून तारखेसह वहीत लिहा, आणि चाचणीला जाताना ती वही सोबत न्या. पुढच्या हंगामात खुरपणीसाठी वीतभर उंचीचा लाकडी पाट वापरावा आणि अर्ध्या तासाने उठून उभे राहावे. मुकादम कुरकुरला तरी चालेल.